श्वास मोजणारे सर

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर एक खानावळ होती. तिथं सर रोज दुपारी एकाच जागेवर बसत, भिंतीकडे तोंड करून. बाकीची गिऱ्हाइकं रस्त्यावरची ये-जा बघत जेवायची. सरांसमोर मात्र तेलकट डाग पडलेली भिंत आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर. खानावळीच्या मावशी मला म्हणायच्या, "तुमचं मास्तर शानं हायेत, म्याडम, पन शिक्षा केल्यावानी जेवतात." मी हसायचे. ते तसे का बसतात हे कळायला मला वर्ष लागलं. कळल्यावर मात्र त्या खानावळीत माझं जेवण कधी नीट झालं नाही.

पशुवैद्यक महाविद्यालयात ते आम्हाला विकृतिशास्त्र शिकवायचे. रोगानं शरीरात काय काय बिघडतं, ते बघायचं शास्त्र. गाई-म्हशींवर, घोड्यांवर, कोंबड्यांवर पुस्तकांची पुस्तकं होती. माशांवर शेवटची दोन पानं, परीक्षेत कुणी न विचारणारी. सर ती दोन पानं सगळ्यात आधी शिकवायचे, आणि शिकवायचे म्हणजे पुस्तक उघडायचेच नाहीत.

पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर काचेची मोठी टाकी आणून ठेवली. आत वीसेक रोहू, हाताच्या बोटाएवढे. "यातला आजारी कोण?" एवढंच विचारलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. आम्ही बघत बसलो. सगळे मासे सारखेच. पोरं कुजबुजायला लागली, कुणी घड्याळ बघायला लागलं. अर्ध्या तासानं सर परत आले, टाकीकडे जेमतेम चार-पाच श्वास घेण्याइतका वेळ बघितलं आणि काचेवर बोट ठेवलं.

"हा. तास संपायच्या आत थांबेल."

'मेला' हा शब्द ते वापरत नसत. मासा 'थांबायचा'.

घंटा व्हायच्या आधी तो मासा हळूच एका कुशीवर झाला, तसाच तिरका थोडा पोहला आणि पांढरं पोट वर करून स्थिर झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून बाहेर गेली ती त्या तासाला परत आली नाही.

"गाय हंबरते, कुत्रं कण्हतं," सर म्हणाले. "मासा ओरडत नाही. तो फक्त श्वास बदलतो. कल्ल्याचं झाकण किती वेळा उघडतं, किती उघडतं, मिटताना कुठं अडतं, तेवढंच तुमच्या हातात आहे. मेलेला मासा तासाभरात सडतो, त्याला फाडून काही मिळत नाही. मरणारा मासा ओळखायला शिका. तो सगळं सांगतो."

मेलेला हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला तो तेवढाच.

शिक्षण संपलं, मला मुरबाड तालुक्यात धसईच्या पशुदवाखान्यात नेमणूक मिळाली. बैलांचे खूर, गाभण गाई, शेळ्यांची लसटोचणी, यात दिवस जायचे. सर माझ्या डोक्यातून जवळजवळ गेले होते. नव्वदनंतरची ती पहिली वर्षं. त्याच सुमारास माशांवर तो लाल जखमांचा रोग आला. मरळीच्या अंगावर रुपयाएवढ्या जखमा, काहींचं तर मांस गळून काटा दिसायचा, तरी मासा पोहतच असायचा. लोकांनी मासळी खाणं सोडलं. बाजारात टोपल्या घेऊन बसलेल्या बायका संध्याकाळी त्या टोपल्या तशाच उचलून न्यायच्या. आणि एके दिवशी दवाखान्याच्या दारात सर उभे. करड्या रंगाचा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत सूक्ष्मदर्शक आणि फॉर्मॅलिनच्या बाटल्या.

"तुझ्या हद्दीतली तळी मला दाखव," ते म्हणाले. बघत होते माझ्या टेबलाकडे.

महाविद्यालयातून त्यांनी हे संशोधन मागून घेतलं होतं. दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं. मुरबाडला एक खोली भाड्यानं घेतली. बायको आणि मुलगी पुण्याला. आठवड्यातले चार-पाच दिवस ते आमच्याकडच्या आणि शहापूरकडच्या तळ्यांवर, बंधाऱ्यांवर भटकायचे. त्यांच्या अंगाला फॉर्मॅलिनचा वास इतका मुरला होता की एसटीत शेजारचा माणूस उठून उभा राहायचा. हाताला तोच वास, म्हणून भाकरीसुद्धा चमच्यानं तोडून खायचे. काठावर बसताना सूर्य बघून बसायचे, आपली सावली पाण्यावर पडू नये म्हणून. बसले की दोन-दोन तास हलायचे नाहीत. ओठ तेवढे बारीक हलत असायचे, आकडे मोजताना हलतात तसे. गवत कापणाऱ्या बायका त्यांना बघून लांबून वळसा घ्यायच्या. "मंतर घालतोय," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा सरांना ते सांगितलं. त्यांना राग आला नाही. "काठावर शांतता राहते," म्हणाले. "बरं आहे."

माझ्या दवाखान्यात शांतारामकाका नावाचे व्रणोपचारक होते. म्हणजे जखमा धुणं, मलमपट्टी, जनावर धरणं, सगळं त्यांच्याकडे. नोकरीची चार-पाच वर्षं राहिलेली, गडी धट्टाकट्टा. त्या दिवशी सकाळीच त्यांनी अडलेल्या गाईचं वासरू माझ्याबरोबर ओढून काढलं होतं. दुपारी सर पाण्याचे नमुने ठेवायला आले. काका त्यांच्यासाठी चहा घेऊन आले, कप ठेवला, वळले आणि दारातून बाहेर गेले. सरांची नजर कपावर होती, ती चुकून वर गेली. काका अंगणात बादली विसळत होते. सर बघत राहिले. मग मला त्यांचे ओठ हलताना दिसले.

चहा तसाच राहिला.

"त्यांना कल्याणला घेऊन जा," सर म्हणाले. "मोठ्या डॉक्टरकडे. आज."

"शांतारामकाकांना? काय झालंय त्यांना?"

"मी माणसांचा डॉक्टर नाही. पण घेऊन जा."

मी काकांना हाक मारली. ते हसत आले. "मला? मला काय नाय झालं म्याडम. सरांना सांगा, मी मरळ नाय." सगळेच हसले, मीही. सर हसले नाहीत. पिशवी उचलून ते स्टँडकडे गेले.

दुसऱ्या दिवशी काका कामावर आले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पुतण्या सायकलवरून आला. काका गोठ्यात वैरण टाकायला गेले आणि तिथंच बसले ते बसलेच.

तेराव्यानंतर मी मुरबाडला सरांच्या खोलीवर गेले. मला भांडायचं होतं, पण कशाबद्दल भांडायचं ते मला ठरवता येत नव्हतं. खोलीत एक खाट, एक टेबल, बाटल्यांत माशांचे कल्ले. सर माझ्याकडे पाठ करून स्टोव्हवर पाणी ठेवत होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"जसं टाकीतलं कळतं तसं." त्यांनी स्टोव्हला पंप मारला. मग म्हणाले, "मासे बघून बघून डोळ्यांना ती सवय लागली. आधी मलाही कळलं नव्हतं. एका दिवाळीला घरी सगळे जेवायला बसलो होतो. समोर वडील. मी श्रीखंड वाढत होतो आणि माझ्या लक्षात आलं, की मी मोजतोय. कुणाला बोललो नाही. काय बोलणार? सहाव्या दिवशी वडील थांबले. तेव्हापासून मी माणसांकडे बघत नाही. घरी गेलो तरी ताटात बघून जेवतो."

"आणि बाकी सगळ्यांना कळतं का? बायकोला, मुलीला?"

"त्यांना वाटतं मी रागीट आहे. ते बरं."

मला विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं. "माझ्याकडे कधी बघितलंत?"

"नाही," सर म्हणाले. "आणि बघणार नाही. चहात साखर किती?"

यानंतर मी त्यांच्याबरोबर फिरताना नकळत अर्धं पाऊल मागे चालायला लागले. वाटेत कुणी समोरून आलं की सर मान खाली घालायचे आणि मीच त्या माणसाकडे बघायचे, याला काही होणार नाही ना, असं. ते मला आवडत नव्हतं, पण थांबवता येत नव्हतं.

काही वर्षांनी माझी बदली शहापूर तालुक्यात झाली. आटगाव स्टेशनवरून आत तानसाच्या जंगलाच्या बाजूला जे पाडे आहेत, ते माझ्याकडे आले. अशाच एका पाड्याचं स्वतःचं तळं होतं. पाड्यातल्या पाच-सहा घरांनी मिळून त्यात रोहू-कटल्याचं बीज सोडलं होतं. सगळ्यांचा म्होरक्या काशिनाथ, पन्नाशीचा, खणखणीत आवाजाचा. कार्तिकात एका सकाळी तळ्यातले मोठे मासे एकदम वर आले. दुसऱ्या सकाळी आणखी. काशिनाथ स्वतः मला बोलवायला आला.

"म्याडम, तुमी बगून कागदावर लिवून द्या, का ईख टाकलंय. कोनी टाकलंय ते आमाला म्हाईत हाय."

"कुणी?"

"चांगुना. तळ्याच्या वरल्या अंगाला ऱ्हाते ती म्हातारी. पहाटंची एकलीच पान्यावर असते. गेल्या साली माजी म्हस मेली, तवा पन तीच गोठ्याम्होरून गेली व्हती. ऐतवारी भगत येनार हाय, तांदळाचं दानं टाकून बगनार. त्याच्यात नाव निगालं मंग आमी बगतो काय करायचं ते."

काय करायचं, हे त्यानं सांगितलं नाही. मला विचारायची हिंमत झाली नाही. शेजारच्या खोऱ्यात अशा एका बाईचं काय झालं होतं ते मी ऐकलं होतं. त्या बाईच्या घराचं आता नुसतं जोतं राहिलं होतं. मी आटगावहून मुरबाडला निरोप धाडला. सर संध्याकाळी आले आणि आम्ही दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दवाखान्याच्या जीपनं पाड्यावर पोचलो, कारण सर म्हणाले, असं तळं पहाटेच बघायला हवं.

तळं दिसायच्या आधी ऐकू आलं. तीन दिवस आभाळ भरलेलं, वारा पडलेला. त्या गप्प हवेत एक ओलसर, बारीक आवाज येत होता. चप, चप, चप. शंभर माणसं अंधारात दबक्या आवाजात एकच शब्द म्हणत असावीत, तसा. जवळ गेल्यावर दिसलं. सगळ्या पाण्यावर माशांची तोंडं. उघडत होती, मिटत होती, उघडत होती. काठाला मेलेल्यांची पांढरी ओळ लागलेली. पाड्यातले लोक लांब उभे होते, एकही माणूस पाण्याजवळ यायला तयार नव्हता. आणि वरच्या अंगाला एक म्हातारी आपल्या झोपडीच्या दारात उकिडवी बसून आमच्याकडे बघत होती. तीच चांगुणा.

सर काठावर बसले. फटफटलं, उजाडलं, तरी बसलेच. मग उठून त्यांनी बांधाच्या कडेनं एक चक्कर मारली. एका कोपऱ्यात पाणी काळपट, कुजकट वासाचं. तिथं दगडांखाली दाबलेले अंबाडीचे भारे होते. दोरांसाठी वाक, म्हणजे सालीचा धागा, निघावा म्हणून पाड्यानं दर साली तिथंच कुजत घातलेले. या साली पीक जास्त, म्हणून भारेही जास्त.

"थांबलेल्यांत मरळ आहे का एखादी?" सरांनी विचारलं. विचारताना बघत होते भाऱ्यांकडे.

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मेलेल्या माशांत मरळ नव्हती.

"मरळ वर येऊन आपल्यासारखी हवा घेते. रोहू-कटल्याला पाण्यातली हवा लागते. विष असतं तर मरळही वाचली नसती. या पाण्यात विष नाही. हवा नाही. अंबाडी कुजताना पाण्यातली हवा संपते, त्यात तीन दिवस ऊन नाही. हे मासे गुदमरलेत."

"पुस्तकातलं सांगू नका आमाला," काशिनाथ म्हणाला. "तिनं तुमालापन काय तरी केलंन दिसतंय."

सरांनी दोन हंडे मागवले. एका हंड्यात तळ्यातलंच पाणी भरून घेतलं. "हे पाणी एका हंड्यातून दुसऱ्यात ओतायचं. उंचावरून, धार धरून. पन्नास वेळा. यात मी काही घालणार नाही. मग यात तुमचाच थांबायला टेकलेला मासा सोडायचा. विष असेल तर ओतून जाणार नाही, मासा थांबेल."

"मीच वततो," काशिनाथ म्हणाला. "हातचलाकी नको."

त्यानं शर्ट काढला आणि ओतायला सुरुवात केली. लोक हळूहळू जवळ सरकले. कुणीतरी मोठ्यानं मोजायला लागलं. पाणी डोक्याच्या उंचीवरून पडत होतं, फेसाळत होतं. वीस. पंचवीस. मी पाण्याकडे बघत होते. मग सहज सरांकडे बघितलं. सर हंड्याकडे बघत नव्हते. ते सरळ काशिनाथच्या उघड्या छातीकडे, गळ्याकडे बघत होते आणि लोकांच्या मोजण्यात न मिळणारं काहीतरी ते वेगळंच मोजत होते.

पन्नास झाले. सरांनी काठावरचा एक मासा हातात घेतला, जवळजवळ थांबलेला, आणि हंड्यात सोडला. तो तळाला जाऊन आडवा झाला. मग शेपटी हलली. मासा कुशीवरून सरळ झाला, हंड्याच्या कडेनं एक फेरी मारली, दुसरी मारली. एक बाई "गो बाय!" म्हणून ओरडली. माणसांनी धावत जाऊन भारे ओढायला सुरुवात केली, पोरांनी काठ्यांनी पाणी बडवायला घेतलं. काशिनाथ हंड्यात वाकून बघत होता. त्याच्या तोंडावरचा राग गेला होता, पण दम काही खाली बसत नव्हता.

सरांनी मला झोपडीच्या बाजूला नेलं.

"काशिनाथ आठवडा काढणार नाही."

"सर!"

"ऐक. आज मासा जगला. चार दिवसांनी तो इथं थांबला, की हे सगळे परत वर, चांगुणाच्या दारात चालत येतील. या वेळी हंडे पुरणार नाहीत. त्याला दवाखान्यात न्यायलाच हवं. तिथं कुणीतरी त्याच्या रोगाला नाव देईल, कागदावर लिहील. बिननावाचं मरण लोक दुसऱ्याच्या अंगावर टाकतात."

मी काशिनाथशी बोलले. त्यानं ऐकलं नाही. दोन दिवसांची दगदग, म्हणाला. त्याची बायको यमुना मागे उभी होती, तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी परत वळले, तर सर झोपडीच्या दारात चांगुणासमोर बसले होते आणि तिच्याशी बोलत होते. तिच्या तोंडाकडे बघून बोलत होते. माणसाशी असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

चांगुणा उठली. गुडघ्यावर हात ठेवत, थांबत थांबत खाली आली. लोक बाजूला झाले. ती काशिनाथच्या समोर जाऊन उभी राहिली.

"काशिनाथ, तुज्या छातीत दुखनं हाय. हे मास्तर सांगतात. तू जगलास काय, नाय जगलास काय, तुजा तू बग. पन हितं मरू नको. हितं मेलास का हे मला जित्ती ठेवनार नाय." ती गोल फिरून सगळ्यांकडे बघत म्हणाली. "म्हातारी झाले तरी मला मराचं नाय अजून. जा तू. माज्यासाटी जा."

कुणी मान वर करेना. काशिनाथनं शर्ट उचलला, झटकला आणि अंगात घातला. "जीप कुटं हाय?" एवढंच म्हणाला.

शहापूरच्या डॉक्टरांनी त्याला तपासून लगेच ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सर त्याच्याबरोबर गेले आणि बाहेरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. पाचव्या दिवशी काशिनाथ गेला.

दहाव्याला मी ठाण्याच्या दवाखान्याचा कागद घेऊन पाड्यावर गेले. सर आले नाहीत, मला म्हणाले, तू वाच. सगळा पाडा जमला होता. चांगुणा आपल्या दारात. मी कागदावरचं इंग्रजी मराठीत करून सांगायला लागले. हृदयाची झडप खराब झाली होती, बऱ्याच वर्षांपासून. हृदयाला जोर राहिला नाही, आणि मग फुप्फुसात पाणी साठलं.

"पानी?" मागून एक माणूस म्हणाला. "छातीत पानी? कंचं पानी?"

सगळ्यांची तोंडं तळ्याकडे वळली आणि तिथून झोपडीकडे. मी काहीतरी समजावायला लागले, ते पाणी म्हणजे हे पाणी नव्हे, शरीरातलंच. कुणी ऐकत नव्हतं. दोन-तीन माणसं उठून उभी राहिली.

तेव्हा यमुना उठली. नवऱ्याच्या दहाव्याला चारचौघांत बोलायची तिथं रीत नव्हती. पदर डोक्यावरून पुढे ओढून, कुणाकडे न बघता ती बोलली.

"त्याला वरीसभर टेकडी चढवत नव्हती. रातचा उशाला दोन पोती घेऊन बसून झोपायचा. आडवा झाला का दम कोंडायचा. मला म्हनला, कोनाला सांगशील तर बग. म्हनून मी नाय सांगितलं. म्हातारीचं नाव घेत व्हता तवा पन मी नाय सांगितलं. पाप माजं हाय, तिचं नाय. बसा खाली."

माणसं बसली. आधी एक, मग बाकीची. चांगुणा त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी शेळ्यांना लस टोचायला गेले की मला रानातली करटुली आणून द्यायची.

मी सरांना हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "यमुना स्वतः बोलली?" आणि मग बराच वेळ बाटलीतल्या कल्ल्यांकडे बघत बसले. "ती वर्षभर मोजत होती," म्हणाले. "आणि त्याच्याशेजारीच झोपत होती."

निवृत्तीनंतरही ते यायचे. माशांच्या रोगांवर तोवर पुस्तकं निघाली होती, महाविद्यालयात त्याचे वेगळे तास सुरू झाले होते आणि तिथं शिकवायला दुसरे तरुण लोक आले होते. सरांना त्याचं काही नव्हतं. एका हिवाळ्यात आम्ही तानसाच्या बाजूला एका बंधाऱ्यावर गेलो. ते काठावर बसले आणि तासाभरानं उठताना एकदा अडले. नुसतेच अडले, हात गुडघ्यावर ठेवून. मी बघितलं. मला बघायचं नव्हतं, पण इतकी वर्षं त्यांच्याबरोबर बसून माझ्याही डोळ्यांना काहीतरी लागलं होतं. उन्हात त्यांच्या गळ्याखालचा तो खळगा आत जात होता आणि बाहेर येताना कुठंतरी अडत होता.

"सर," मी म्हणाले, "पुण्याला जाऊ या. आज."

त्यांनी विचारलं नाही, का. पँट झटकली, पिशवी माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत ती पिशवी त्यांनी कुणाला धरू दिली नव्हती. "मुलीला फोन कर," म्हणाले. "नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे."

पुण्याच्या दवाखान्यात त्यांना खिडकीजवळची खाट मिळाली. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेले, तर सर उशीला टेकून बसले होते आणि बघत होते. सगळ्यांकडे. नर्सकडे, फरशी पुसणाऱ्या बाईकडे, समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या नातवंडांकडे. इतकं टक लावून, की नर्स थोडी लाजली. "आता बघायला हरकत नाही," ते मला म्हणाले. "या वेळी रांगेत मी पुढे आहे."

त्यांची मुलगी डबा घेऊन आली. तिशीची, उंच, सरांसारखंच नाक. ती सवयीनं खाटेच्या पायथ्याशी बसली आणि डबा उघडायला लागली. वडिलांशी बोलताना त्यांच्याकडे बघायची तिलाही सवय नव्हती. सर तिच्याकडे बघत राहिले. मग हात पुढे करून त्यांनी तिच्या भुवईवरचे केस बाजूला केले. तिथं एक जुना व्रण होता, बोटाच्या पेराएवढा.

"हे कशानं झालं गं?"

मुलीनं डब्याचं झाकण खाली ठेवलं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग त्यांच्याकडे.

"सातवीत असताना जिन्यावरून पडले होते, बाबा," ती म्हणाली. "टाके घालायला तुम्हीच घेऊन गेला होतात."